डाव्या पिळाचा कापूस

तलासरीत भीमा मिस्त्रीकडे गाडी न्यायची म्हणजे आधी बोलणी खायची आणि मग दुरुस्ती करून घ्यायची, हे आता सगळ्यांच्या अंगवळणी पडलं आहे. वापीकडचा शेठ असो, उधव्याचा जीपवाला असो, भीमा कुणाला सोडत नाही. गुजरातीत ओरडतो, हिंदीत ओरडतो, वारलीतले त्याला चारच शब्द येतात आणि ते चारही ओरडण्याचेच. पण गाडी एकदा त्याच्या हाताखालून गेली की त्याच दुखण्यासाठी परत येत नाही. म्हणून लोक मान खाली घालून ऐकून घेतात. दुभत्या गाईच्या लाथा गोड, दुसरं काय.

त्याच्या गॅरेजच्या मागच्या भिंतीवर ओळीने खिळे मारलेले आहेत. गिऱ्हाइकांनी आपल्या अकलेने गाडीत जे जे कोंबलं, बांधलं, चिकटवलं, ते सगळं भीमाने बाहेर काढून तिथे टांगलंय. रेडिएटरचं भोक बुजवायला वापरलेली कपड्याच्या साबणाची वडी आहे. फॅनबेल्ट म्हणून बांधलेली लाल ओढणी आहे. डिझेलच्या टाकीला बूच म्हणून ठोकलेलं मक्याचं कणीस आहे. नवीन गिऱ्हाईक शहाणपणा करायला लागलं की भीमा हातातला पाना भिंतीकडे रोखतो आणि म्हणतो, ते बघ, तुझ्याआधी आलेले शहाणे.

फक्त डावीकडचा पहिला खिळा रिकामा आहे. त्याच्यावर कधी काही टांगलं जात नाही. लाहूने एकदा तिथे स्वतःची पिशवी अडकवली होती, तर भीमाने ती उचलून रस्त्यावर फेकली. लाहू जवळच्याच पाड्यातला, चाळिशीचा, शांत माणूस. पंधरा वर्षं भीमाबरोबर काम करतोय. भीमाच्या ओरडण्याकडे तो रस्त्यावरच्या ट्रकच्या हॉर्नइतकंच लक्ष देतो. त्या दिवशी त्याने पिशवी उचलून आणली, झटकली आणि विचारलं की हा खिळा कशासाठी ठेवलाय. भीमा म्हणाला, "कापसासाठी." आणि पुन्हा कामाला लागला.

गेल्या जानेवारीत एका सकाळी गॅरेजसमोर एक जुनी पांढरी व्हॅन आचके देत येऊन थांबली. मागून निळसर धूर, आणि जळक्या तेलाचा असा वास की समोरच्या टपरीवाल्याने नाकाला रुमाल लावला. व्हॅनमधून सव्वीस-सत्तावीस वर्षांची एक मुलगी उतरली. भीमाने तिला लगेच ओळखलं आणि ओळखलं नाही असं दाखवून हातातला पाना पुसत राहिला.

"काका," ती म्हणाली.

ती कल्पिता, त्याच्या सख्ख्या थोरल्या भावाची, वरोरच्या धोंडी तांडेलची मुलगी. त्या घरातून भीमाला अकरा वर्षांत कुणी काका म्हणून हाक मारली नव्हती. तीन वर्षांपूर्वी आई गेली तेव्हा तो वरोरला गेला होता, पण लांब उभा राहून, पाणी देऊन, कुणाच्या घरचा चहाही न घेता परत आला होता. या गॅरेजात तर त्या घरातलं माणूस कधी फिरकलंच नव्हतं, एक आई सोडली तर.

कल्पिताने सांगितलं ते असं. दोन वर्षांपासून ती ही व्हॅन चालवते. पहाटे वरोरच्या सहा-सात बायका आणि त्यांच्या मासळीच्या टोपल्या घ्यायच्या, डहाणू रोड, आशागड, चारोटी करत हायवेला लागायचं, तलासरीचा बाजार करायचा, दुपारी परत. सहा महिन्यांपासून गाडी तेल खाते आणि मिसिंग मारते, चार सिलिंडरपैकी मधूनच एखादा बंद पडतो. मसोलीच्या एका मिस्त्रीने तीन वेळा प्लग बदलून दिले. प्रत्येक वेळी पंधरा दिवस बरी चालायची, पुन्हा ये रे माझ्या मागल्या. मागच्या आठवड्यात दापचरीच्या अलीकडे चढावर गाडी जी मेली ती हललीच नाही. मागून दगड भरलेला ट्रक येत होता. त्याने ब्रेक मारला म्हणून वाचलो, म्हणाली. व्हॅन आणि ट्रक यांच्यात हातभर जागा उरली होती, आणि मागच्या सीटवर तिची आई बसली होती.

"बाबांनी पाठवलं," ती शेवटी म्हणाली. "म्हणाले, तू बॉनेट उघडू नको, वाटेत कुणाला उघडू देऊ नको. काकाच उघडेल."

भीमाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. अकरा वर्षांनी आठवण झाली, तीही गाडी मेल्यावर, आणि तीही मुलीला पुढे करून. जा म्हणावं, मसोलीलाच जा, हे शब्द त्याच्या अगदी ओठांवर आले होते. पण पोरगी उन्हात उभी होती, तिच्या नखांत मासळीची खवलं अडकलेली होती, आणि तो हातभर अंतरावर थांबलेला ट्रक काही त्याच्या डोळ्यांसमोरून हलेना. त्याने लाहूला ओरडून सांगितलं की गाडी आत ढकल आणि इंजिन गार होऊ दे. मग कल्पितासाठी खुर्ची आणली ती अशी आपटली की खुर्चीचाच एक पाय वाकला.

इंजिन गार होईपर्यंत अकरा वर्षांपूर्वीचं सांगायला हवं.

भीमा आणि धोंडी यांचा बाप होड्यांच्या फटी बुजवायचा. लाकडी होडीच्या दोन फळ्यांमधल्या फटीत कापसाचा पीळ ठोकून बसवायचा आणि वरून राळ आणि तेल कढवून केलेलं लुकण भरायचं, की पाण्याचा थेंब आत येत नाही. बाप डावखुरा होता, त्यामुळे त्याच्या कापसाला उलटा, डावा पीळ पडायचा. दोन्ही पोरं त्याच्याकडून शिकली ती तशीच डाव्या पिळाने. अख्ख्या किनाऱ्यावर बाकी सगळे उजवा पीळ देतात. पुढे धोंडी बोटीचा तांडेल, म्हणजे खलाशांचा म्होरक्या झाला. भीमाला बोटीपेक्षा बोटीच्या पोटातलं इंजिन आवडायचं. तो उंबरगावच्या एका गॅरेजात राहून शिकला आणि तलासरीत स्वतःचं थाटलं. तरी दरवर्षी मासेमारी सुरू व्हायच्या आधी पंधरा दिवस तो वरोरला जायचा. गावातल्या झाडून सगळ्या बोटींची इंजिनं त्याच्या हातून जायची. बंदरावर त्याच्यासाठी खाट टाकलेली असायची, या घरून डबा, त्या घरून डबा. भीमाच्या आयुष्यातले ते सगळ्यात चांगले पंधरा दिवस होते.

मग धोंडीच्या बोटीचं इंजिन भर समुद्रात मेलं. भीमाने ते पंधरा दिवसांपूर्वीच तपासून दिलं होतं. पाच माणसं दोन दिवस वाऱ्यावर होती, पिण्याचं पाणी संपलं, शेवटी दुसऱ्या गावच्या एका बोटीने ओढून आणली. दुसऱ्या दिवशी सकाळी भीमा धावत वरोरला पोचला, तर इंजिन बोटीतून उतरवून भंगारवाल्याला दिलेलंसुद्धा होतं. बंदरावर सगळा गाव जमला होता. भीमाने भावाला विचारलं की इंजिनाच्या श्वासनळीतून तेल उडायचं ते बंद करायला तू नळीत कापूस कोंबला होतास का. इंजिनाला श्वास सोडायला जागा नसली की आतला दाब वाढतो, सील फुटतात, सगळं तेल वाहून जातं आणि इंजिन जाम होतं. इंजिन कसं मेलं ते ऐकूनच भीमाला हे कळलं होतं. धोंडीने सगळ्यांसमोर समुद्राची शपथ घेतली. म्हणाला, मी हातसुद्धा लावला नाही, काम भीमाने केलंय, त्याला विचारा.

चोराच्या उलट्या बोंबा. पण पुरावा कुठे होता? पुरावा भंगारात गेला होता. गर्दीत त्यांची आई पुतळी डोक्यावर टोपली घेऊन उभी होती. भीमाने तिच्याकडे बघितलं. ती काही बोलली नाही. वळली आणि घराकडे चालू लागली. पुढच्या वर्षी वरोरहून बोलावणं आलं नाही. त्याच्या पुढच्या वर्षीही नाही. भीमाने इंजिन मारलं, पाच माणसं मारत होता, हे वाक्य चिंचणीपर्यंत पोचलं. त्याच वर्षी भीमाने गॅरेजच्या भिंतीवर पहिला खिळा मारला आणि तो रिकामा ठेवला.

तर इंजिन गार झालं आणि भीमाने बॉनेट उघडलं. या इंजिनात चार प्लग वरून खोल नळ्यांमध्ये उभे बसवलेले असतात आणि प्रत्येकावर एक रबरी टोपी असते. त्याने पहिली टोपी धरून ओढली. ती निघेना. जोर लावला तेव्हा ती सुटली आणि तिच्याबरोबर काळं, चिकट, दोरासारखं काहीतरी वर आलं. भीमा वाकून बघू लागला. नळीच्या तोंडाशी सगळीकडून राळेचं लुकण भरलेलं होतं आणि त्याच्याखाली कापूस ठोकून बसवला होता. होडीच्या फळीत बसवतात तसाच, नीट, एका मापाने.

त्याने चिमट्याने तो पीळ बाहेर काढला. तेल निथळत होतं. तो त्याने बोटांत धरून उलगडला. डावा पीळ होता.

लाहूने नंतर सांगितलं की पंधरा वर्षांत भीमाला त्याने तेव्हा पहिल्यांदा गप्प झालेलं बघितलं, आणि तेच जास्त भीतिदायक होतं. मग मात्र तोंड सुटलं. भीमाने दुसरी नळी उपसली, तिसरी उपसली, चौथी उपसली, चारही पीळ बॉनेटच्या कडेला ओळीने ठेवले आणि धोंडीच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. त्या पिढ्या आपल्याही आहेत हे त्याच्या लक्षात राहिलं नाही. तेलात भिजलेला कापूस, वर राळ, आणि त्याच्या मधोमध ठिणगी! पेट घेतला असता तर? सात बायका आत, दारं सरकवायची, ती पण अडकणारी. ही अक्कल, आणि हा माणूस चार खलाशांचा तांडेल होता.

"नळीतून तेल वर येतंय म्हणजे होडीला भोक पडलंय असं वाटलं त्याला," भीमा म्हणाला. "होडीत पाणी बाहेरून आत येतं. हे तेल आतूनच येतंय. बाहेरून बूच मारून काय होणार?"

कल्पिता कावरीबावरी होऊन बघत होती. तिला कापसाचं काही माहीत नव्हतं. तिसऱ्यांदा प्लग बदलूनही गाडी बिघडली तेव्हा बाबा दोनदा गाडीखाली आणि बॉनेटमध्ये काहीतरी करत बसले होते एवढंच तिने बघितलं होतं.

भीमाने चारही पीळ एका डब्यात टाकले, गाडीची चावी मागितली आणि म्हणाला, चल, आत्ता वरोरला. हे त्याच्या तोंडावर मारतो आणि सगळ्या बंदराला दाखवतो. अकरा वर्षं हाच कापूस शोधत होतो मी. लाहू शांतपणे म्हणाला की प्लग तेलात बुडालेत, गाडी कोपऱ्यापर्यंतसुद्धा जाणार नाही. भीमाने त्याच्याकडे जळजळीत नजरेने बघितलं. मग बाह्या सरसावल्या.

राग आला की भीमाचं काम बिघडत नाही, उलट सुधारतं. आधी त्याने चारही नळ्यांतलं तेल चिंध्यांनी टिपून काढलं, कारण तसाच प्लग काढला तर वरचा सगळा गाळ सिलिंडरमध्ये पडतो. मग हवा मारून नळ्या कोरड्या केल्या आणि प्लग काढले. नवेकोरे प्लग, आणि काजळीने माखलेले. मसोलीच्या त्या मिस्त्रीने तीन वेळा प्लगच बदलले होते. रोग रेड्याला आणि औषध पखालीला. प्लग बिचारे काय करणार, ते तर तेलात बुडत होते. तेल येत होतं इंजिनाच्या वरच्या झाकणातून, टॅपेट कव्हरमधून. त्या कव्हरखाली प्रत्येक नळीच्या तोंडाशी एक रबरी रिंग असते आणि कडेने लांब पॅकिंग असतं. पंधरा-सोळा वर्षांच्या उष्णतेने ते रबर कडक होतं, आणि कव्हरखालचं तेल थेंबाथेंबाने नळीत उतरतं.

त्याने कव्हर उघडलं. रिंगा काढताना बिस्किटासारख्या मोडल्या. जुनं पॅकिंग खरवडून कडा पुसल्या, बोट फिरवून बघितल्या, पुन्हा पुसल्या. लाहूने बाजारातून नवं पॅकिंग, चार रिंगा, प्लग आणि टोप्या आणल्या. तेलाने फुगलेल्या जुन्या टोप्या भीमाने लांब फेकल्या. आणि मग त्याने श्वासनळी तपासली, कारण अकरा वर्षांत अशी एकही गाडी त्याच्याकडे आली नव्हती जिची श्वासनळी त्याने तपासली नाही. ती काजळीने पार बंद झालेली होती. त्याने ती पेट्रोलने धुतली आणि तोंडाने फुंकून बघितली. आत दाब कोंडला होता, म्हणून तर तेल इतक्या जोराने वर येत होतं.

बोल्ट त्याने मधल्यापासून कडेकडे आवळत नेले, थोडे थोडे, एकाआड एक. कल्पिता जवळ येऊन बघत होती. ती म्हणाली, अजून घट्ट करा ना काका. भीमा खेकसला की घट्ट केलं की पॅकिंग चेपून फाटतं, जे आपोआप बसतं त्याला आपटायचं नसतं, तुमच्या घरात हे कुणाला कळत नाही. पोरगी हसली. बापासमोरही ती अशीच हसत असणार, असं भीमाला वाटलं आणि त्याचा राग आणखी वाढला.

दुपारी गाडी चालू केली तेव्हा चारही सिलिंडर एका सुरात बोलू लागले. भीमाने हात धुतले, डबा उचलला आणि व्हॅनमध्ये कल्पिताच्या शेजारी बसला. लाहूने विचारलं की गॅरेज बंद करू का. भीमा म्हणाला, उघडं ठेव, आलोच भावाला सरळ करून.

दापचरीच्या चढावर गाडी दमली नाही, तिला धाप लागली नाही. डब्यातलं तेल हिंदकळत होतं. त्याच्या मनात सगळं ठरलेलं होतं. आधी पीळ धोंडीच्या पायाशी टाकायचे. मग तो नाही म्हणेल. मग बंदरावर न्यायचं, म्हाताऱ्यांना पीळ दाखवायचा, डावा पीळ किनाऱ्यावर दोघांचाच, आणि भीमा तर तलासरीला होता. मग बघू कुणाची शपथ खरी होते. मधेच आई आठवली. जायच्या वर्षभर आधी ती चार दिवस तलासरीला येऊन राहिली होती. गॅरेजात खुर्ची टाकून बसायची आणि त्याचं काम बघायची. एकदा म्हणाली, तुझे हात चांगले आहेत रे. भीमा तिच्यावरही भडकला होता. मग तेव्हा बंदरावर का नाही बोललीस, म्हणाला होता. ती खाली मान घालून तांदूळ निवडत राहिली होती.

वरोरला घरासमोर बोंबील वाळत घातलेले होते आणि धोंडी त्यांच्याजवळ कावळे हाकलत बसला होता. सत्तरीला टेकलेला, हात थरथरतात, डोळ्यांना जाड चष्मा. भीमा गाडीतून उतरला, तरातरा गेला आणि चारही पीळ त्याच्या पायाशी टाकले.

धोंडीने ते उचलले नाहीत. त्याने आधी व्हॅनकडे कान दिला. इंजिन अजून चालू होतं.

"चांगली बोलतेय," तो म्हणाला. मग म्हणाला, "तीन नीट बसले होते. चौथा सैल होता. हात राहत नाही आता."

भीमा भांडायची तयारी करून आला होता, आणि समोरच्याने ढालच टाकून दिली होती. तरी त्याने विचारायचं ते विचारलंच. बोटीच्या श्वासनळीतही हाच कापूस होता ना?

"हाच होता."

"तुला कधी कळलं?"

"बोटीतच कळलं. इंजिन मेलं तेव्हा मीच तो बाहेर काढला आणि समुद्रात टाकला."

म्हणजे बंदरावर शपथ घेताना त्याला सगळं माहीत होतं. भीमाला वाटत होतं की भाऊ अडाणी आहे, हट्टी आहे, सुंभ जळाला तरी पीळ जात नाही अशातला आहे. त्याला कळलंच नसेल, असं त्याने कुठेतरी मनाशी धरून ठेवलं होतं. आणि तीच एक गोष्ट त्याला अकरा वर्षं झोपू देत होती. आता तीही गेली. तो इतक्या मोठ्याने ओरडला की शेजारच्या घरातून जानीवहिनी, धोंडीची बायको, पदर खोचत धावत आली आणि दिराला बघून दारातच थांबली.

धोंडी खाली बघत म्हणाला की गाडी बिघडली तेव्हा तुझ्याकडे यायला तोंड नव्हतं. म्हणून जे येत होतं ते केलं. दापचरीचा तो ट्रक मागे थांबला आणि या दोघी घरी आल्या, त्या दिवशी मी ठरवलं. कापूस काढून गाडी पाठवता आली असती. मुद्दाम नाही काढला. तू बघशील, ओळखशील, आणि येशील.

"मला नको सांगूस," भीमा म्हणाला. "जिथे खोटं बोललास तिथे चल."

त्याने भावाचा दंड धरला आणि त्याला बंदरावर नेलं. ऊन कलायला लागलं होतं, जाळी शिवायला माणसं बसली होती. धोंडी मधोमध उभा राहिला. चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला. मग खणखणीत आवाजात, तांडेल खलाशांना हाक मारतो त्या आवाजात म्हणाला, "माझ्या बोटीचं इंजिन भीमाने मारलं नव्हतं. मी मारलं. शपथ खोटी होती."

जाळी शिवणारे हात थांबले. बहुतेक सगळी विशी-पंचविशीतली पोरं होती. हार्दिक नावाच्या एकाने सुई तशीच धरून विचारलं, "कुठलं इंजिन, आजोबा?"

धोंडीने सांगितलं. पोरांनी ऐकून घेतलं, मान डोलावली. आता गावात सगळ्या बोटी फायबरच्या, इंजिनं मोठी, मिस्त्री लांबून येतात. त्या बोटीवरच्या पाचांपैकी दोघं वारले होते, एक गुजरातेत कुठेतरी होता. एकटा म्हातारा तुक्या कोपऱ्यात बसला होता, तोही त्या बोटीवर होता. तो म्हणाला, असं होतं होय, आणि तंबाखू मळू लागला. पोरं पुन्हा जाळीला लागली.

भीमा तिथे उभा होता. अकरा वर्षं जे ओझं त्याने पाठीवर वाहिलं, ते उतरवायला आज कुणी हातही पुढे केला नाही, कारण ते कुणाला दिसतच नव्हतं. त्याच्या अंगाचा संताप संताप झाला. ज्याला मारावं असं कुणी समोर नव्हतं. मग त्याने शेवटचं जे साठवून ठेवलं होतं ते काढलं.

"आईला तरी सांगायचं होतंस," तो म्हणाला. "ती मला तसाच समजून गेली."

धोंडीने तोंड समुद्राकडे वळवलं.

"आईला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं," तो म्हणाला. "बोट लागली, घरात पाय टाकला आणि तिला सांगितलं. तीच म्हणाली, तोंड उघडू नकोस. भीमाला तलासरीत गॅरेज आहे, तो जगेल. तुझ्या बोटीवर उद्यापासून कुणी पाय ठेवणार नाही. तो सोसेल, तू नाही सोसणार."

भीमा जाळ्यांच्या ढिगावर बसला. टोपली डोक्यावर घेऊन वळलेली आई त्याला दिसली. तांदूळ निवडणारी आई दिसली. तुझे हात चांगले आहेत रे. ते तिने का म्हटलं हे आता कळलं, आणि आपण तिला काय उत्तर दिलं तेही आठवलं. आपलेच दात आणि आपलेच ओठ. कुणावर ओरडायचं? जिच्यावर ओरडायचं ती नव्हती, आणि असती तरी तिच्यावर एकदा ओरडून झालं होतं.

मग तो उठला. धोंडी तिथेच उभा होता, कावळे हाकलायची काठी अजून हातात होती. कल्पिता व्हॅन घेऊन बंदराच्या तोंडाशी आली होती. काकांना डहाणू रोडला एसटीवर सोडू का, असं तिने विचारलं. भीमाने होकारार्थी मान डोलावली. तो व्हॅनपर्यंत गेला, बॉनेट उघडून कव्हरच्या कडेने बोट फिरवलं. बोट कोरडं निघालं. त्याने ते विजारीला पुसलं आणि मागे वळून भावाकडे बघितलं.

"हजार किलोमीटर झाले की बोल्ट बघायला गाडी आण," तो म्हणाला. "तू आण. पोरीला पाठवू नकोस. मला तुला शिव्या द्यायच्यात, आणि त्या एका दिवसात संपणाऱ्या नाहीत."